तिथेच थांब, थांब तिथेच

अझोर्समधलं एक बेट. नाव राहू दे.
माणसांहून गाई जास्त,
कुंपणं हायड्रेंजियाची, निळी,
आणि धावपट्टी एकच, दोन्ही टोकांना समुद्र.

टॉवरमध्ये इल्दा फुर्तादो. सकाळचे सहा चाळीस.
धुकं इतकं, की काचेत तिला
तिचाच कॉफीचा मग दिसत होता, त्यामागे काही नाही.
त्या काही-नाहीच्या आत कुठेतरी विगिंतास,
मालवाहू विमान, पोटात अकराशे किलो चीज,
इंजिनं चालू, अंगठा बटणावर.
वर ढगांत एक्केचाळीस उतारू घेऊन येणारं दुसरं,
चाकं खाली सोडलेलं.

त्याने विचारलं, धावपट्टीवर येऊ का?
ती म्हणाली: निगेटिव्ह, होल्ड पोझिशन.
नेमकी तेव्हाच तिसऱ्याच कुणीतरी
दूर समुद्रावरून वाऱ्याची चौकशी केली.
दोन आवाज एका वेळी एका वाटेने निघाले
की रेडिओ एकालाही जाऊ देत नाही, शिट्टी वाजवतो.
शिट्टीने निगेटिव्ह खाल्लं,
होल्डचा अर्धा घास घेतला,
उरलं ते पोझिशन.

आता विगिंतास उडायला शिकलेला कॅन्ससमध्ये,
मक्याच्या शेतांवर औषध फवारणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे.
म्हाताऱ्याच्या काळी म्हणत: पोझिशन अँड होल्ड.
म्हणजे ये, धावपट्टीवर उभा राहा, मग थांब.
होल्ड पोझिशन म्हणजे आहेस तिथून हलू नकोस.
तेच दोन शब्द. कोण पुढे बसलं, एवढाच फरक.

आपल्याकडे कसं, तिथेच थांब म्हणा
नाहीतर थांब तिथेच,
माणूस थांबतो.
इंग्रजीत पाट बदलला की ताट बदलतं.
आणि ही इंग्रजी त्या दोघांपैकी
कुणाच्याच आईची नव्हती.

त्याने नियमाप्रमाणे परत म्हणून दाखवलं:
पोझिशन, होल्ड.
तिने नियमाप्रमाणे ऐकलं.
म्हणाली, बरोबर.

पुढचं फार थोडं आहे.
वरच्या वैमानिकाला धुक्यात एक दिवा दिसला,
लाल, नको त्या जागी.
त्याने नाक उचललं. एक्केचाळीसपैकी बरेच झोपेत होते.
चीजची एक पेटी सरकली.
गाईंनी माना वर केल्या असतील,
ते कुणी नोंदवलेलं नाही.

लिस्बनच्या चौकशीत ती टेप अकरा वेळा वाजवली.
प्रत्येक वेळी इल्दाला वाटे, या वेळी तो नीट म्हणेल.
नवव्या वेळी तिला कळलं,
त्या सकाळी तिने त्याचं वाक्य ऐकलंच नव्हतं.
त्याच्या आवाजात
स्वतःचंच ऐकलं होतं.
अहवालात यासाठी शब्द आहे. तिच्यापाशी नव्हता.

त्यानंतर घरी ती नवऱ्याला, आन्सेल्मोला, सांगे,
दूध, आगपेटी, कोथिंबीर. परत म्हण.
तो म्हणे, दूध, आगपेटी, आणि एक मुका.
ती हसत नसे. परत म्हण.

सहा वर्षांनी फोन आला, कौनासहून.
विगिंतास. आता उडत नाही, मधमाश्या पाळतो,
एवढं सांगून झाल्यावर दोघांनाही पुढचं सुचेना.
लाइनला अर्ध्या सेकंदाचा उशीर.
त्याने मला म्हटलं, तेव्हाच तिनेही मला.
दोघं थांबले.
तू बोल, दोघं म्हणाले.
पुन्हा दोघं थांबले.

मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
मधल्या जागेत काहीतरी सरसरत होतं,
समुद्र असेल, किंवा नुसती लाइन.
फोन मात्र कुणी ठेवला नाही.