ओलं लाकूड

बर्फाच्या रस्त्यावर पट्टा बांधायचा नसतो.
काठावरचा पहारेकरी काचेवर टकटक करून सांगतो:
पट्टा काढा, दार चटकन उघडता आलं पाहिजे,
आणि मधल्या वेगानं जाऊ नका,
एक तर अगदी सावकाश, नाही तर सुसाट.
मधल्या वेगाची लाट बर्फाखालून पुढे धावते
नि तुमच्यासाठी आधीच तडा देऊन ठेवते.

तार्तूत मी नीतिशास्त्र शिकवते.
(मध्यममार्गाचा तास मंगळवारी असतो.)

सव्वीस किलोमीटर समुद्र चाकांखाली घालून
हीउमा बेटावर पोचले. बाबा खाटेवर होते,
खुब्याचं हाड मोडलेलं.
कशी आलीस, जेवलीस का, काही नाही.
"एल्मारचं लाकूड राहिलंय."

एल्मार म्हणजे तो.
एकोणपन्नासच्या मार्चमध्ये यादीवर सही करणारा.
बाबा तेव्हा दहा वर्षांचे, हेल्मी चार.
मालगाडीच्या डब्यात तिच्या ओठांवर हिम धरायचं,
ते बाबा श्वासानं वितळवायचे. तीन दिवस.
चौथ्या दिवशी वितळलं नाही.
कुठल्या स्टेशनात तिला उतरवलं, ती पाटी
डब्यातल्या कुणालाच वाचता आली नाही.

सतरा हिवाळे झाले, बाबा त्या माणसाच्या दाराशी
बर्चचं लाकूड रचून येतात.
आत जात नाहीत. हात मिळवत नाहीत.
पाळकानं एकदा विचारलं, प्रवचनात हे सांगू का,
तर महिनाभर घंटा वाजवायला गेले नाहीत.

किती वेळा मी हे लाकूड तोलून पाहिलंय!
एका पारड्यात एल्मारची शेगडी,
दुसऱ्यात वळणावरची लेम्बी, पदरात जुळी.
सुखाचा हिशेब मांडला तर भारा तिच्याकडेच जातो.
कर्तव्याच्या बाजूनं गेलं तर विचारावं लागतं:
छळलेल्यानं छळणाऱ्याची चूल पेटवावी,
हा साऱ्या जगाला नियम म्हणून चालेल?
नाही चालणार. मीच हात वर करणार नाही.
सद्गुणवाले म्हणतील, प्रमाणात असू द्या,
महिन्याला एक भारा, तोही झेपला तर.
आणि न्याय? न्याय बिचारा अंगणात उभा,
टोपीवर बर्फ साचतोय,
त्याला कुणी आत ये म्हणत नाही.

"पण का, बाबा?"
"त्याच्या धुराड्यातून धूर येत नव्हता."
"म्हणजे माफ केलंत त्याला?"
बराच वेळ ते खिडकीकडे बघत राहिले.
"ते नाही जमलं, सालमे.
रोज रात्री मागतो, मिळत नाही.
लाकूड जमतं."

मग मीच गेले, घसरगाडी ओढत.
दार उघडलं. ब्याऐंशी वर्षांचा, लोकरी मोज्यांत,
एका मोज्याच्या भोकातून अंगठा बाहेर.
त्यानं मला ओळखलं. काही तरी बोलेल म्हणून
मी थांबले. एक शब्द, निम्मा शब्द,
तेवढ्यावर मी अख्खा प्रबंध उभा केला असता.
त्यानं ओंडका नखानं खरवडला.
म्हणाला, "ओलं आहे."

ओलं नव्हतं. दोन उन्हाळे वाळवलेलं होतं.
हेल्मीचं नाव जिभेच्या टोकापर्यंत आलं
आणि तिथेच राहिलं.
मी वाकून रचत गेले, साल वरच्या बाजूला,
बाबा रचतात तसं.
करुणा वगैरे काही वाटली नाही.
पाठ दुखली, राग आला,
आणि रागातही ओळ सरळ लागत होती,
याचा आणखी राग आला.

परतताना पट्टा सोडला.
शेजारच्या सीटवर न तपासलेल्या उत्तरपत्रिका.
प्रश्न माझाच: जे मागायचा कुणालाच हक्क नाही,
ते देणे कर्तव्य ठरते काय? दहा गुण.
लांब कुठे तरी बर्फ कण्हला.
तिथे थांबायचं नसतं, मी थांबले नाही.
आरशात बेटाची काळी रेघ होती,
तिच्यावर चार-पाच धूर.
कुठला कुणाचा,
ते एवढ्या लांबून कळत नाही.