भाग पहिला

कानोत, साबोन गारीच्या मागच्या गल्लीत
माझं टायपिंगचं दुकान. एक संगणक, एक जनरेटर,
आणि पेट्रोलची उधारी.

लादिदी पहिली वही घेऊन आली तेव्हा
तिच्या बोटांना शेंगदाण्याच्या पेंडीचा वास होता.
म्हणाली, कादुनाच्या प्रकाशकाने
अकरा महिने ठेवून घेतली.
परत आली तेव्हा कव्हरवर चहाच्या कपाचा गोल.
"एवढंच मत दिलं त्यांनी."

भिशी लागली की ती एक वही आणायची.
मी टाइप करायचो,
तिच्या हौसा शुद्धलेखनाला हात न लावता.
(एकदा लावला, तर तासभर शेजारी बसून
तिने एकेक शब्द परत जागेवर आणून ठेवला.)

तिसऱ्या वहीच्या शेवटी
बिंता रात्री नवऱ्याच्या घराची कडी काढते,
आणि वही संपते.
दोन महिने मी त्या उघड्या दारात उभा.
बायकोला सांगून बसलो, आता तीही विचारते.

मग कागद महागला.
लादिदीने बोटांवर हिशेब केला,
म्हणाली, इथेच थांबव. ऐंशी पानं.
वर घाल: भाग पहिला.

"पण ती जाते का?"
"पाचशे प्रती खपल्या तर जाईल."

परवापासून बाजारात बसलीये,
पाटीत शेंगदाण्याची कडबोळी, शेजारी तीस प्रती.
काल मी एक घेतली.
सगळी अक्षरं माझीच, तरी घेतली,
आणि घासाघीस केली नाही.
त्या पोरीची वाटखर्ची आहे ती.