मागचा नांगर

अजमानच्या खोरात, तिसऱ्या धक्क्यावर
तिला ओढून आणलं तेव्हा ओहोटी होती.
अन्वर फोरमन म्हणाला, गंज काढू नका, कापायचीच आहे.
फक्त नंबर वाचून द्या. कागदाला लागतो.
म्हणून मी आणि दाभोळचा बिलाल सारंग
झुलत्या फळीवर बसून दोन दिवस
तिचा रंग खरवडत होतो.

वरचा पांढरा, सिमेंटवाल्या कंपनीचा.
त्याखाली हिरवा, त्याला अजून लेंड्यांचा वास.
ईदच्या आधी बर्बेऱ्याहून बकऱ्या आणायची,
एका खेपेला चार हजार.
बिलालच्या चुलत्यानं तिच्या डेकवर तीन हंगाम चारा टाकला,
मेलेली जनावरं रात्री पाण्यात लोटली
आणि सकाळी वहीतला आकडा दुरुस्त केला.
मग निळा. निळ्याबद्दल कुणालाच काही ठाऊक नाही.
मग राखाडी, राखाडीखाली राखाडी,
आणि तिथं नंबर : पाच, दोन,
तिसरा तीन की आठ, छिन्नीला कळेना.
अन्वरनं आठ लिहिला.

व्हीलहाउसच्या दारामागे पत्र्यावर
खिळ्यानं ओढलेल्या रेघा होत्या. नाव नाही, तारीख नाही.
एकोणीस रेघा. विसावी अर्धी.

रेघांचा अर्थ झिलू मयेकरानं सांगितला.
हल्ली गोदामावर राखण करतो,
पण नव्वदपर्यंत अकरा वर्षं
तो तिच्या इंजिनात तेल घालत होता.
'एक रेघ म्हणजे एकदा किनाऱ्याक लागली.
इतर बोटी जमनीक भियतत.
हिचा बूड ताटासारख्या सपाट, ही मुद्दाम रेवर चढा,
तोंड उघडी, रणगाडे भायर काढी.'
आणि परत कशी जायची?
त्यानं तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात नेली.
'किनारो दिसलो की मागल्यान नांगर सोडूचो.
तो थंयच तळाक धरून ऱ्हवता.
काम झाला की त्याच दोरान आपणाक मागे ओढूचा.
मागचो नांगर पडल्याबिगर पुढे जावचा नाय.'

बिलाल हसला. मी नाही हसलो.
सतरा वर्षांपूर्वी निघताना
आठ गुंठ्यांचा सातबारा आईनं माझ्या पेटीत
टॉवेलांच्या घडीत ठेवला होता.
दोन वर्षांसाठीच चाललो होतो.
दोर किती लांब सोडायचा
हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

आणि अर्धी रेघ?
'ती माझी,' झिलू म्हणाला, आणि बराच वेळ काहीच नाही.
मग तुकड्या-तुकड्यानं :
ऑगस्ट. कुवेतच्या खालचा एक किनारा.
माणसं आणायला गेलेली.
वाळूवर रांग, सुटकेसी, गाद्या, एक शिलाई मशीन.
एक जण कमरेइतक्या पाण्यात पुढे आलेला,
डोक्यावर टीव्ही, दोन्ही हातांनी धरलेला.
मागचा नांगर पडला होता, बूड वाळूला घासलं होतं,
दाराच्या साखळ्या सैल व्हायला लागल्या होत्या
आणि वायरलेसवर हुकूम आला, फिरा.
'दोर गुंडाळलो. मीच विंचीर होतंय.
तो माणूस टीव्ही खाली ठेवी ना.'

कापायला सुरुवात पुढून करतात.
गुरुवारी साखळ्या गॅसनं तोडल्या,
दोन्ही दारं कण्हत उघडली
आणि बिजागऱ्यांच्या खोबणीतून
वाळू सांडली, घमेलंभर,
पिवळी, बारीक, इथली नव्हे.
कुठली, हे अन्वरनं विचारलं नाही.
कागदाला ते लागत नाही.
पत्रा भंगारात वजनावर गेला, रेघांसकट.
मागच्या विंचीवर दोर होता, पण टोक तुटलेलं :
नांगर कुठल्या तळाला राहिला कोण जाणे.

जेवणाच्या सुट्टीत पाहिलं तर
झिलू पँट न दुमडताच पाण्यात उतरलेला,
उघड्या दारासमोर, कमरेइतक्या पाण्यात,
दोन्ही हात डोक्यावर नेऊन
नसलेलं काहीतरी सांभाळत उभा.
बिलालनं हाक मारली, भात थंड होतोय.
तो वळला नाही.
भरती लागली होती.