शोधणाऱ्याचं आडनाव

सोडांक्युलाच्या कचेरीत, तळघरात,
एकोणीस लोखंडी कपाटं, त्यांत पुठ्ठ्याची कार्डं.
मी एकेक वाचते, यंत्रात भरते:
नाव, अक्षांश, रेखांश, धातू, अंदाजे टन,
शोध कोणी लावला.
चार देशांची मिळून एकच यादी व्हायची आहे.

सीमेवर घोळ होतो.
नॉर्वेत जी शीर तांब्याची
ती आमच्याकडे येताच 'माहिती नाही'.
एक टेकडी दोनदा मोजली गेली होती;
तिचं अर्धं वजन मी मंगळवारी खोडलं.
टेकडीला काही कळलं नाही.

बाहेर दुपारी दोनलाच दिवे लागलेत.
आर्वो कॉफी करतोय, तिसऱ्यांदा.

कार्ड सातशे चौदा. अक्षर माझ्या वडिलांचं,
आडवी रेघ अक्षर सोडून पुढे निघून गेलेली,
वाट चुकण्याची घाई असल्यासारखी.
सोबत कापडी पिशवीत दगड: मुठीएवढा, गंजका,
फोडल्या बाजूने पितळी.
निकेल. थोडं तांबं.
शोध: हिल्ला.

हिल्ला आमची कुत्री.
हिल्ला म्हणजे दलदलीतलं ते पिवळं फळ,
ऑगस्टात डासांना रक्त पाजून मिळवायचं.
तिला गंधकाचा वास शेवाळाखालून यायचा,
हातभर मातीखालून.
ती उकरायची नाही, नुसती बसायची
आणि वडिलांकडे बघायची,
जणू हरवलेली वस्तू त्यांचीच होती.
मग सॉसेजचा तुकडा, दर दगडामागे एक.
सरकारी हिशेबात तो
'उपकरणांची देखभाल' या सदरात जाई.

सुटा धोंडा सापडणं म्हणजे खाण सापडणं नव्हे,
ते सांगत.
बर्फाने तो कुठून तरी उचललेला असतो,
पोटाशी धरून मैलोन्‌मैल ओढलेला,
आणि वितळताना विसरलेला.
त्याच्या आईकडे जायचं तर बर्फाच्या उलट चालायचं.
खडकावरचे ओरखडे बघायचे:
ते आग्नेयेला गेलेत, तर आपण वायव्येला.
सात उन्हाळे दोघं वायव्येला चालत होते.

पाचव्या उन्हाळ्यात सम्मोल भेटला, रेनडिअर मोजत.
त्याने नकाशा उलटा धरून पाहिला, मग सुलटा,
म्हणाला, या टेकडीचं नाव चुकलंय.
हिला आम्ही म्हणतो, 'वासरं जिथे उशिरा उठतात'.
वडिलांनी पेन्सिलीने टिपून घेतलं.
इथे काही आहे का, सम्मोलने विचारलं.
अजून माहीत नाही, वडील म्हणाले.
माहीत नाही तोवर बरं आहे, तो म्हणाला,
आणि कुत्रीला सुक्या मांसाची चिरफळी दिली.

सातव्या उन्हाळ्यानंतर तिथे धरणाचं पाणी चढलं.
धोंड्यांची रांग काठापर्यंत जाते
आणि थांबते.
कार्डावरची शेवटची ओळ: उगम पाण्याखाली असावा.
'असावा'खाली दोनदा रेघ.

यंत्र म्हणतं, आडनावाशिवाय पुढे जाता येणार नाही.
वडिलांचं घालावं?
त्यांना घालता आलं असतं, त्यांनी घातलं नव्हतं.
मी बराच वेळ त्या रिकाम्या चौकटीकडे बघत बसले,
मग लिहिलं: कोइरा.
आमच्या भाषेत कुत्रा.
यंत्राला पटलं.

महिन्याभराने ट्रॉम्सोहून एका तरुणीचं पत्र:
हिल्ला कोइरा यांचं आणखी काम कुठे पाहायला मिळेल?
अजून उत्तर दिलेलं नाही.

'शेरा' या रकान्यात दोनशे अक्षरं मावतात.
तिथे टेकडीचं नाव टाकलं, सम्मोलच्या भाषेत,
वासरांसकट.
पिशवीची गाठ बांधण्याआधी
आर्वोची पाठ आहे असं पाहून
दगड नाकाशी धरला.

मला काहीच वास आला नाही.