खोका

केटरिंगच्या मातीत फावडं वीतभर जातं,
मग अडतं.
मूठभर उचलून दाबली
तर चारी बोटांचे ठसे जपून ठेवते,
इतकी चिकण.

कुंपणापलीकडून मॉरीन म्हणाली,
जिथे गुलाब मेला तिथे गुलाब लावू नकोस,
माती विटते एकाच झाडाला.
विटते.
तिने इंग्रजीत नेमकं काय म्हटलं ते विसरले,
मला ऐकू आलं ते हे.

मग हात-दीड हात खोल खणायचं,
ती माती बटाट्याच्या वाफ्यात न्यायची,
बटाट्याला कशाचंच काही वाटत नाही,
आणि वाफ्यातली इकडे आणायची.
खड्ड्यात बसवायचा पुठ्ठ्याचा खोका,
म्हणजे पहिली दोन वर्षं
नव्या मुळांचं जुन्या मातीशी बोलणं नको.

खोके आहेत माझ्याकडे.
गॅरेजमध्ये अकरा.
दर पंधरवड्याला व्हॅन यायची
तुझ्या डायलिसिसच्या पाण्याच्या पिशव्या घेऊन.
शेवटची खेप तू गेल्यावर आली.
पिशव्या परत घेत नाहीत म्हणाले.
दुपारभर सिंकमध्ये ओतत बसले मी
ते स्वच्छ, कुणाच्याच पोटात न गेलेलं पाणी.
खोके राहिले. प्रत्येकावर तुझं नाव,
आडनाव चुकलेलं, केळसकरचं केल्सकार.

लीद आणली तबेल्याच्या फाटकावरून,
पोत्याला एक पौंड, डब्यात टाकायचा,
बघायला कुणी नाही.
मुरलेली, वास गेलेली.
आणि ती काळी पिशवी, शेडमागची,
तू पानं भरून भोकं पाडून ठेवलेली,
मी दोनदा कचऱ्यात टाकायला निघाले होते.
उघडली तर आत पानं नव्हतीच,
चहाच्या चोथ्यासारखं काही, मऊ, गार.
हातमोजे काढले.
थालीपिठाचं कालवावं तसं कालवलं सगळं,
फक्त पाणी न घालता.

तळ कापून खोका खाली सोडला.
तिरका बसला. राहू दे.
नाव अर्धं मातीत, अर्धं वर.

गुलाब बादलीत भिजतोय,
काट्यांची एक जुडी, मुळं उघडी,
बघून वाटत नाही याचं काही होईल.
रंग कुठला, मॉरीनने विचारलं.
लेबल वाचायचं राहिलंच.

पुठ्ठा विरायला म्हणे दोन हिवाळे लागतात,
शाई त्याआधी जाईल.

दहा खोके अजून आहेत.
बाग एवढी मोठी नाही.