पंचाहत्तर स्लीपर

रिटायर झाल्यावर पहिल्यांदा
भुसावळ यार्डातल्या बंद सायडिंगवर गेलो
ते दोरी मोजायला.
किलोमीटरला पंधराशे चाळीस स्लीपर,
म्हणजे दोघांमध्ये दोन फूट आणि वर दोन बोटं.
हा हिशोब एकतीस वर्षं पायांनी केलेला,
त्याला टेप लागत नाही.

एक टोक फिशप्लेटच्या बोल्टला बांधलं
आणि रीळ सोडत चालू लागलो.
पंचविसाव्या स्लीपरला सुनेच्या नेलपॉलिशची एक रेघ,
पन्नासाव्याला दोन,
पंचाहत्तराव्याला तीन.
शंटिंगवाला गफूर लांबून ओरडला,
"काका, पतंग कुठंय?"

आधी मी रिळाचे फेरे मोजायचो.
ते फसवं निघालं.
भरलेलं रीळ एका फेऱ्यात हातभर देतं,
अर्ध्यावर आलं की वीतभर,
तळाशी चार बोटं,
आणि आपण आपले एक, दोन, तीन म्हणत बसतो
जणू प्रत्येक फेरा सारखाच.

माघातली सकाळ. चांगदेवच्या खाली
तापी-पूर्णेचं धरणाने तटवलेलं पाणी,
पलीकडे दीपनगरच्या चिमण्या,
अलीकडे चक्रवाकांची जोडी, कुणाशी न बोलणारी.
सुपडू भोई वल्ही मारतो.
मी मागे बसून दोरी सोडतो,
टोकाला स्टीलचा चमचा,
दांडा कापून, भोक पाडून, घासून चकचकीत केलेला.
चालत्या होडीमागे तो लटपटत येतो
घाबरलेल्या चालटासारखा.
शिवड्याला तेवढं पुरतं.

"किती सोडली भो?"
"पन्नास स्लीपर."
"म्हंजे वीस वाव."
"कशावरून?"
"माह्या हातावरून."
त्याचा उजवा कोपर सरळ होत नाही,
त्यामुळे त्याची वाव तोकडी,
पण ती तशी तोकडी आहे हे त्याला ठाऊक आहे.
माझ्या स्लीपरांबद्दल मला इतकं ठाऊक नव्हतं.

वीस वावेवर काही लागेना.
मी अजून सोडली.
बोटांखालून तिसरी रेघ गेली, ओली, खरबरीत.
सुपडू मागे न बघता म्हणाला,
"एवढी नको सोडू.
आता मारोतीच्या पारावरून चालला तुहा चमचा.
तीस वावेला आमची गल्ली लागते."

मला वाटलं, गंमत करतोय.
त्याने वल्ही थांबवली.
बिडी काढली नाही, पाणी प्यायलं नाही,
नुसता थांबला,
कुणाच्या तरी घरावरून जाताना
चप्पल हातात घ्यावी तसा.

होडी थांबली की चमचा बुडतो.
हे मी कुठेच मांडलं नव्हतं.
दोरी किती सुटली ते स्लीपर सांगतात,
ती खाली किती गेली
ते वल्हवणाऱ्याच्या हातात असतं.

मग गळ अडकला.
मासा नव्हे. मासा ओढतो, हे नुसतं धरून राहिलं.
"बाभूळ असंल," मी म्हणालो.
"बाभळी गावाबाहेर होत्या," तो म्हणाला.
उलट वल्हवून पाहिलं,
डावीकडून, उजवीकडून.
शेवटी दोरी हाताला दोन वेढे देऊन ओढली
आणि टक् झालं,
इतकं हलकं, की चक्रवाकसुद्धा उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी परत सायडिंगवर.
फिशप्लेट, बोल्ट, चालत गेलो.
बरोबर शंभर स्लीपर उरली होती.
तुटली होती दोन रेघांच्या जागीच.
नेलपॉलिशने नायलॉन कडक होतं, म्हणतात.
म्हणजे जिथे मोजायला खूण केली
तिथेच ती कच्ची झाली.

पन्नास स्लीपर दोरी आता सुपडूच्या गल्लीत आहे,
कुठल्या दाराला, ते त्याने सांगितलं नाही.
पुढच्या खेपेला खुणा सुती दोऱ्याच्या,
सैल गाठीच्या, आणि वावेच्या.
त्याच्या वावेच्या.

आणि चमचा सुनेच्या लग्नातल्या सेटमधला होता,
हे घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही.
ती रोज पाच मोजते
आणि पुन्हा मोजते.