वाटणीनंतरची चटणी

यंदा चटणी वेगळी.
दोन किलो संकेश्वरी, एक ब्याडगी,
लक्ष्मीपुरीतनं धणे, खोबरं, तीळ,
आणि लसूण सोलून सोलून
नखांत राहिलेली आग.

डंकावर नंबर लावला
तर पुढं मालन, माझी जाऊ.
बोललो नाही.
शिंकलो मात्र दोघी एकदमच.

बरणीत दाबून भरली,
वर मीठ, हिंगाचा खडा.
रात्री रस्सा केला.
दोन घास खाऊन हे म्हणाले,
"कायतरी ऱ्हायलंय."

काय, ते मला ठाऊक.
दगडफूल दरवर्षी तीच भाजायची.
किती, कधी विचारलं नव्हतं.

सकाळी मधल्या भिंतीवर
पेपरात बांधलेली पुडी.
वास उघडायच्या आधीच आला.

पुडी हातात, मी तिथंच उभी:
तिच्या चटणीत
काय राहिलं असेल?